चौकीवर सांगून येते

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंच्या दोन सवयी मला विचित्र वाटल्या. एक म्हणजे त्या बिनदुधाचा चहा प्यायच्या, तोही मोठ्या वाटीत ओतून. दुसरी म्हणजे गावाला निघायचं ठरलं की पिशव्या भरून झाल्यावर, रिक्षा बोलावण्याआधी, त्या डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "चौकीवर सांगीसन येस."

चौकी म्हणजे पोलीस चौकी. सुरतेच्या डिंडोली भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती होती. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, पाण्याचा माठ आणि आळीपाळीने बसणारे हवालदार. सासूबाई तिथे जाऊन चपला बाहेर काढायच्या आणि आत न शिरता उंबऱ्यातूनच सांगायच्या, अमुक गावी जाते, लग्न आहे, चार दिवस लागतील. हवालदार समोरच्या वहीत काहीतरी खरडायचा आणि गुजरातीत म्हणायचा, "सारू, बा," म्हणजे बरं, आई. त्याने खरडल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत. परत आल्यावरही पिशव्या दारात टेकवून पहिली फेरी चौकीवर, आले म्हणून सांगायला. हवालदार बदलत गेले, पण जाणारा येणाऱ्याला बहुधा सांगून जात असावा, कारण नवा आलेलाही यांना बघून मुकाट्याने वही पुढे ओढायचा.

पहिल्या वर्षी मला ते फार शहाणपणाचं वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत अर्धी सुरत गावाला जाते, तेव्हा पोलीसच सांगतात की घर बंद करून जात असाल तर कळवा. मला वाटलं, बाई किती जागरूक! मी माहेरी फोन करून कौतुकसुद्धा केलं. मग लक्षात आलं की घर बंद नसतानाही त्या जातात. घरात सासरे असायचे, आम्ही दोघं असायचो, तरी एकट्या धुळ्याला निघाल्या की चौकी चुकायची नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाले, "आईची सवय आहे." माझ्या नवऱ्याकडे जगातल्या निम्म्या प्रश्नांना हे एकच उत्तर असतं.

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या शाळेतल्या पोरांना आणि या घरातल्या भांड्यांना चांगलं माहीत आहे. एकदा या चौकीपायी उधन्याची गाडी चुकता चुकता राहिली. प्लॅटफॉर्मवर पळताना एका पिशवीचा बंद तुटला, अर्धे बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, चुरा झाले आणि डब्यात बसल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, चौकी काय पळून जात होती? आल्यावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मांडीवरचा चुरा गोळा करायला घेतला. सासू म्हटल्यावर एखादा हट्ट असायचाच, यांचा हा, असं मी मनाशी धरून चालले. वीस वर्षं मी तसंच धरून चालले, हे लिहिताना आज माझी मलाच लाज वाटते.

सासूबाई दिसायला आमच्या भाऊबंदांसारख्या नाहीत. गालाची हाडं वर, डोळे बारीक, आणि सत्तरीतही चेहऱ्यावर सुरकुती शोधावी लागते. गल्लीत त्यांना नेपाळी काकी म्हणतात. त्या नेपाळच्या नाहीत, पण त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आम्हाला घरात एवढं माहीत होतं की त्यांचा जन्म आसामातला, वडील चिनी वंशाचे, आई तिथल्याच चहाच्या मळ्यात पानं खुडणारी. वडील लवकर अंतरले म्हणून मायलेकी धुळ्याला लांबच्या चिनी काकांकडे आल्या. या काकांचं दात बसवायचं दुकान होतं. तशी दुकानं तेव्हा बऱ्याच गावांत असत.

माझे सासरे त्या दुकानात दाढ दुखते म्हणून गेले. मग पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले. शेवटी जायला कारण उरेना म्हणून एक चांगला दात काढून घेतला, असं ते स्वतःच सांगायचे आणि ओठ वर करून ती फट दाखवायचे. भाऊबंदांनी आधी तोंडं वाकडी केली, पण पोरगी अहिराणी त्यांच्यापेक्षा खणखणीत बोलायची आणि बिबडे त्यांच्या बायकांपेक्षा पातळ घालायची, त्यामुळे विरोधाचा जोर फार दिवस टिकला नाही. लग्नानंतर दोघं सुरतेला आले. ते लूमवर लागले, या घरात बसून साड्यांना टिकल्या चिकटवू लागल्या. दोन मुलं झाली, माझे मिस्टर आणि माझी नणंद.

मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते. वर्गातली पोरं घरी अहिराणी, गल्लीत हिंदी आणि दुकानावर गुजराती बोलतात, आणि माझ्याशी या तिन्हींची भेळ. मूलभूत हक्कांचा धडा मी दरवर्षी जरा जास्तच रंगवून शिकवते. एखाद्याला उभं करायचं आणि विचारायचं, "तुझे पप्पा जळगाव सोडून इथे आले, ते कुणाला विचारून आले?" तो म्हणणार, "कुणालाच नाही, टीचर." मग मी म्हणणार, "का बरं नाही विचारलं?" आणि अख्खा वर्ग ओरडणार, "कलम एकोणीस!" देशात कुठेही जा, कुठेही राहा, कुणाची परवानगी लागत नाही. पोरांना ओरडायला मिळतं म्हणून धडा आवडतो, आणि मला पोरांना आवडतं म्हणून आवडतो.

सासरे गेले. त्यानंतर काही वर्षांनी पुलाचं काम निघालं आणि नाक्यावरची चौकी पाडली. पोलिसांचा कारभार लांब, मोठ्या इमारतीत गेला. त्या दिवसापासून सासूबाई सुरतेबाहेर गेल्या नाहीत. धुळ्याचं लग्न आलं, तर म्हणाल्या गुडघे दुखतात. चुलत सासऱ्यांचं उत्तरकार्य आलं, तर म्हणाल्या गाडीत गर्दी असते. आम्हाला ते पटलं, कारण गुडघे खरंच दुखत होते. चौकी आणि गुडघे यांचा संबंध लावायला कुणाला सुचणार?

मग या जानेवारीत नंदुरबारहून नणंदेचा फोन आला. तिच्या गर्भपिशवीत गाठ निघाली होती. पिशवी काढायची आणि गाठ तपासायला पाठवायची, असं डॉक्टर म्हणाले होते. नणंद तशी खमकी, दोन पोरं आणि किराण्याचं दुकान एका हाताने सांभाळणारी, पण त्या दिवशी लहान मुलीसारखी रडली. "वहिनी, आईले धाडी दे. माले आई पायजे." ऑपरेशन गुरुवारी होतं. मी म्हटलं, काळजी करू नका, मी स्वतः घेऊन येते.

सासूबाईंना सांगितलं. त्या ओट्यावर साडीला टिकल्या लावत बसल्या होत्या. हात थांबला. टिकली बोटावर तशीच धरून म्हणाल्या, "माले नही जमस."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा सांगितलं, गाठ आहे, तपासायला पाठवणार आहेत, ती रडते आहे. पुन्हा तेच. मग मात्र माझा तोल गेला. मी म्हणाले, "आई, तुमची लेक आहे ती. गुडघे दुखतात म्हणून लेकीच्या ऑपरेशनला न जाणारी आई मी आयुष्यात पहिल्यांदा बघते." हे शब्द जसेच्या तसे आठवतात मला. विसरता आले असते तर बरं झालं असतं.

मी तणतणत आत गेले, आणि त्यांच्या कॉटपाशी पिशवी दिसली. भरलेली. लेकीसाठी जुन्या साडीचे मऊ तुकडे घड्या घालून ठेवलेले, बिबडे, मेथीचे लाडू, स्वतःची दोन लुगडी, गोळ्यांचा डबा. लाडू कालच केले होते, म्हणजे नणंदेचा फोन माझ्याआधी त्यांना येऊन गेला होता. माझा राग जिथल्या तिथे विरला. मी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि म्हटलं, "आई, यायचं आहे ना तुम्हाला?"

"मन्ही आंडेर शे ती," माझी लेक आहे ती, त्या म्हणाल्या. "पन चौकी नही ना आते. सांगू कोनले?"

मला हसू आलं. खरंच हसले मी. म्हटलं, "अहो, घरात हे आहेत, चोर कशाला येतोय?"

"चोरना करता नही वं," त्या म्हणाल्या, आणि मग उंटापासून सुरुवात केली.

"मी उंट देखा," त्या म्हणाल्या. सात वर्षांच्या होत्या. तारेच्या कुंपणापलीकडून उंट चालला होता आणि इतकं उंच जनावर त्यांनी कधी बघितलं नव्हतं. वडिलांनी त्यांना खांद्यावर घेतलं तरी उंटाचं तोंड वरच राहिलं. ते राजस्थान होतं. आसामातल्या मळ्यावरून ते तिथे कसे पोचले ते त्यांनी नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्याने, मध्येच टिकली चिकटवत, जणू दुसऱ्याच्या घरातली गोष्ट असावी तशी.

बासष्टची लढाई झाली तेव्हाची गोष्ट. वडील मळ्यावर सुतार होते. त्यांचे वडील चीनमधून आलेले, ते स्वतः मात्र इथेच जन्मलेले. एका सकाळी पोलीस आले आणि म्हणाले, चला, दोन कपडे घ्या, लवकर परत याल. चुलीवर भात होता, तो तसाच राहिला. मग बरेच दिवस रेल्वे. खिडक्या बंद, आणि बाहेर स्टेशनातली माणसं ओरडत असायची. कशाबद्दल ओरडतात हे त्यांना कळायचं नाही, आई कान झाकायची. मग ती तारेची छावणी. दिवसा वाळू तापायची, रात्री हाडं गारठायची. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना रांगेत उभं करून मोजायचे. त्यांना तो खेळ वाटायचा. आपला आकडा नीट यावा म्हणून त्या ताठ उभ्या राहायच्या.

मग एक दिवस वडिलांना जहाजावर चढवायला नेलं, चीनला पाठवायला. जो देश त्या माणसाने जन्मात बघितला नव्हता, तिथे. धुळ्याच्या पत्त्यावर त्यांची दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. आम्ही इतकी वर्षं "वडील लवकर अंतरले" म्हणत होतो, ते हे.

काही वर्षांनी मायलेकींना सोडलं. मळ्यावरचं घर तोवर दुसऱ्याचं झालं होतं. सोडताना एक कागद दिला. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून साहेबाने तोंडी समजावलं, ज्या गावात राहाल तिथल्या ठाण्यावर हजर व्हायचं, आणि सांगितल्याशिवाय गावाची हद्द सोडायची नाही. आईने ते घोकून घोकून पाठ केलं. धुळ्याच्या शाळेची सहल लळिंगच्या किल्ल्यावर निघाली, तेव्हा आई पोरीला घेऊन पहाटेच ठाण्यावर गेली. लिहून घेणारा साहेब आला नव्हता. दोघी बाकावर बसून राहिल्या. साहेब आला तोवर सहल जाऊन किल्ल्यावर डबे खात होती. "डबामा पुऱ्या व्हत्या," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही ठाना मा खाध्या."

आई गेली, तेव्हाही पोरीला हेच सांगून गेली, न सांगता कुठे जाऊ नकोस. लग्न झालं, सुरतेत खोली घेतली, तर चूल मांडायच्या आधी यांनी चौकी शोधली. सासऱ्यांना माहीत होतं. पहिल्यांदा तेच सोबत गेले होते. पोरांना मात्र सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. तो कागद पुढे उधन्याच्या खोलीत खाडीचं पाणी शिरलं त्यात गेला.

"पण आई," मी म्हटलं, "आता गरज नाही असं कुणी सांगितलंच नाही तुम्हाला?"

"कोन सांगाव?" त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, त्या खरंच मला विचारत होत्या.

हिशेब केला तर जवळजवळ साठ वर्षं. साठ वर्षं ही बाई लग्नाला, बारशाला, मयताला उंबऱ्यात उभी राहून सांगून जात होती, आणि मी तिला गाडी चुकते म्हणून टोचून बोलत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिडायचं कुणावर ते कळेना, म्हणून कुकरवर चिडले. मग आठवीचं पुस्तक घेऊन आले आणि ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं, की भारतात सर्वत्र मुक्तपणे फिरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. म्हटलं, "आई, तुम्ही इथे जन्मलात. तुमचे वडीलसुद्धा इथे जन्मले. हे तुमच्यासाठी लिहिलंय."

त्यांनी पुस्तकाच्या पानावरून बोट फिरवलं. "हाई तवय व्हतं का?"

"होतं."

"मंग?"

मी समजावायला लागले. लढाई होती, आणीबाणी लावली होती, आणीबाणीत ही कलमं बाजूला ठेवता येतात, मग असे कायदे झाले की इथे जन्मलेल्यांनाही रक्तावरून परकं धरता आलं. जसजशी समजावत गेले तसतसा माझा आवाज बारीक होत गेला. त्या अगदी लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मंग परत लढाई व्हयनी ते?"

इतक्या वर्षांत वर्गात मला हा प्रश्न एकाही पोराने विचारला नाही, कारण कलम ओरडून झालं की मी पुढचा धडा घ्यायचे. मी पुस्तक मिटलं आणि भाताचं बघायला आत गेले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. ते चप्पल घालून बाहेर गेले आणि पुलाखाली चौकी होती त्या जागेपाशी नुसते उभे राहून आले, असं मला नंतर शेजारणीकडून कळलं. नणंदेला मात्र ऑपरेशन होऊन ती धडधाकट होईपर्यंत यातलं काही सांगायचं नाही, असं सासूबाईंनी आम्हा दोघांकडून कबूल करून घेतलं.

मंगळवारी मी शाळेत अर्धी रजा टाकली आणि त्यांना नव्या पोलीस ठाण्यात घेऊन गेले. त्यांनी सवयीने चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. समोर तरुण महिला अधिकारी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग उठली, सासूबाईंना हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "बा, तमारे कोईने कहेवानी जरूर नथी." तुम्हाला कुणाला सांगायची गरज नाही.

"लखी आपो," सासूबाई म्हणाल्या. लिहून द्या.

ती पोर अडचणीत पडली. जो हुकूम तिच्या दप्तरात कुठेच नाही तो रद्द झाला असं ती कशावर लिहिणार? मग मी म्हटलं, निदान आई गावाला जातात एवढं तरी नोंदवून घ्या. तिने कॉम्प्युटरकडे बघितलं. "फरियाद छे? नथी. कंई खोवायुं छे? नथी. तो शुं लखुं, बा?" तक्रार नाही, काही हरवलेलं नाही, आणि अशा नोंदीचा तिथे रकानाच नव्हता. तिने चहा मागवला. पण सासूबाई चहा न पिताच उठल्या. लिहून घेतलं नाही म्हणजे सांगून झालं नाही, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

बुधवार दुपारची गाडी धरली नाही तर गुरुवार हातचा जाणार होता. सकाळी शाळेत गेले तर टेबलावर आमची हालचाल वही पडलेली. शाळेच्या वेळेत मास्तर-मास्तरणी बाहेर गेल्या की त्यात लिहायचं, कुठे, कशासाठी, परत कधी, आणि सही. मी या वहीला इतकी वर्षं शिव्या घालत आले. त्या दिवशी तिच्याकडे बघत मधली सुट्टी घालवली. मग रजा लिहिली, कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याची एक कोरी वही घेतली आणि घरी येऊन लाल पेनाने रकाने आखले.

सासूबाईंना म्हटलं, "आई, मी महानगरपालिकेची नोकर आहे. म्हणजे सरकारी माणूस. मला सांगा. मी लिहून घेते."

मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी माझ्याकडे आणि वहीकडे आळीपाळीने बघितलं. मग दाराबाहेर गेल्या, स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात चपला काढल्या, पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या. मी खुर्चीत, त्या उंबऱ्यात. सून बसलेली आणि सासू उभी.

"नंदुरबारले जास," त्या म्हणाल्या. "आंडेरनं ऑपरेशन शे."

मी लिहिलं. शेवटचा रकाना माझ्यासमोर होता म्हणून विचारलं, "परत कधी?"

"पाच दिन."

मी पाच लिहिलं, लाल सही केली. त्यांनी ती सही वाकून बघितली, आणि तरी हलेनात. "सारू म्हन," त्या म्हणाल्या.

"सारू, बा," मी म्हटलं.

त्या पिशवी घ्यायला आत गेल्या तेव्हा मी तोंड फिरवून रडून घेतलं. मी या बाईला मोकळं करायला निघाले होते आणि माझ्या हातून झालं काय, तर तिच्यासाठी घरातच नवी चौकी उघडली गेली. पण लेकीपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला सुचला नाही, आणि आजही सुचत नाही.

गाडीत त्या खिडकीशी बसल्या. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. तिथे त्यांनी विचारलं, हद्द गेली का? गेली म्हटल्यावर त्यांनी शेंगांची पुडी उघडली आणि मला अर्ध्या दिल्या.

ऑपरेशन नीट झालं. नणंदेला गुंगीतून जाग आली तेव्हा तिचा हात सासूबाईंच्या हातात होता. आठवड्याने तपासणीचा कागद आला, गाठ साधी होती. मी तोवर सुरतेला परतले होते, आमचा सर्वांचा जीव भांड्यात पडला. पाच दिवस उलटून गेले होते. मी फोनवर चिडवलं, "आई, वहीत पाच दिवस लिहिलेत. सही आहे माझी." त्या म्हणाल्या, "येस, येस." दुसरा आठवडा गेला. टाके निघाले, नणंद चालायला लागली. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "देखू." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. घर रिकामं वाटत होतं आणि मला त्यांची इतकी आठवण येत होती की मी नवऱ्यावर विनाकारण खेकसत होते.

तिसऱ्या आठवड्यात एकदा मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतून फोन लावला. फोन सासूबाईंचा, पण उचलला नणंदेने.

"आई कुठे आहेत?"

"माले काय म्हाईत," नणंद म्हणाली. ती चांगलीच वैतागली होती. "चहा पिसन निंघनी. दुपार व्हयनी, अजून पत्ता नही. फोन बी घरमाच सोडी गयी."

"पण गेल्या कुठे?"

"सांगीसन नही गयी ना!" ती म्हणाली. "देख ना वहिनी, म्हातारं मानूस, एक सबद सांगाले नको का? येऊ दे आते, चांगली बोलस तिले."

मी खुर्चीवर बसले. शेजारच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, मी नुसता हात हलवला. नणंद पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली.

"ताई," मी म्हटलं, "आल्यावर त्यांना काही बोलू नका. कुठे गेल्या होत्या, तेसुद्धा विचारू नका."